'वैयक्तिक कारणास्तव' – नेमकं कोणाच्या?

परवा रात्री साडेनऊला जुन्या कंपनीतल्या मैत्रिणीचा फोन आला. मी भाकऱ्या थापत होते म्हणून स्पीकरवर टाकला. म्हणाली, अगं आम्हाला आठजणींना उद्या एचआरमध्ये बोलवलंय, ऑर्डर कमी झाल्यात म्हणे, राजीनामा लिहून दिला की आठवड्यात हिशोब मिळेल असं सुपरवायझर सांगत होता, तर काय करू. मी पिठाच्या हातानेच फोनजवळ गेले आणि म्हणलं, हे बघ, रड, चक्कर आल्याचं नाटक कर, पोराला ताप आलाय म्हणून सांग, काय वाट्टेल ते कर पण सही करू नको. कागद घरी घेऊन ये.

फोन ठेवल्यावर आठवलं की हे वाक्य माझं नाहीच. 2021 मध्ये आमच्या शेजारच्या काकांनी मला हेच सांगितलेलं, तेव्हा त्यांच्या हातात पीठ नव्हतं, तंबाखू होती एवढाच फरक. तिला सगळं फोनवर सांगायला बसले असते तर रात्र गेली असती, म्हणून इथे लिहितेय, अजून कोणाला लागलं तर बघा. मी वकील नाही, अकाउंटवाली पण नाही, जे माझ्यावरून गेलं तेच लिहितेय.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. गाड्यांचे पार्ट. गो-नोगो गेज लावायचं, व्हर्नियर लावायचा, पास माल निळ्या क्रेटमध्ये, रिजेक्शन लाल बिनमध्ये. 13 जुलै 2015 ला लागले, 27 फेब्रुवारी 2021 ला काढलं. शनिवार होता. जेवणाच्या सुट्टीनंतर नऊ जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलवलं. एचआर मॅडम चांगल्या बोलल्या हं, पाणी विचारलं, बसा म्हणाल्या. मग समोर एक झेरॉक्स सरकवली. ती झेरॉक्स जरा तिरकी आलेली होती, एका बाजूला काळी पट्टी, म्हणजे बरीच वर्षं तोच कागद मशीनमध्ये घालून काढत असणार. त्यावर छापलेलं, "मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत असून माझे कंपनीकडे कोणतेही येणे बाकी नाही." नाव आणि तारखेला टिंबं टिंबं. त्याला मागे स्टेपल केलेलं एक व्हाउचर, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला, आणि रकमेची जागा मोकळी. म्हणजे माझं वैयक्तिक कारण मला कळायच्या आधी छापून तयार होतं!

मी म्हणलं मॅडम घरी वाचून सोमवारी देते. अहो यात वाचण्यासारखं काय आहे ताई, चार ओळी तर आहेत. मी म्हणलं चार आहेत म्हणूनच. हे मी धीटपणाने वगैरे म्हणाले असं अजिबात नाही, मला खरंच काही सुचत नव्हतं आणि घरी जायचं होतं. कागद घडी करून डब्याच्या पिशवीत टाकला. घरी काढला तेव्हा त्याला मेथीच्या भाजीचं तेल लागलेलं.

काका एका मोठ्या कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले, युनियनच्या कमिटीत दहाबारा वर्षं काढलेली. त्यांनी तो तेलकट कागद चष्मा वर करून वाचला आणि "स्वखुशीने" या शब्दावर नख ठेवलं. म्हणाले, पोरी, ह्या एका शब्दाचे लाखभर रुपये होतात. सोडणाऱ्याला वेगळा कायदा, काढलेल्याला वेगळा. सही केलीस की तू सोडलंस. मग पुढे कुठेही गेलीस तरी पहिला प्रश्न हाच येणार, बाई तुम्ही तर स्वतःच राजीनामा दिलाय ना?

मग त्यांनी सांगितलं की तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25एफ आहे, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस द्यायची किंवा महिन्याचा पगार, आणि वर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे भरपाई. ग्रॅच्युइटी वेगळी. आणि ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, नोकरी गेलेल्यांसाठी भत्ता आहे तो वेगळा, पण तो काढलेल्यालाच. मला यातलं काय माहिती होतं? शून्य. सहा वर्षं पगाराच्या स्लिपवर ईएसआय म्हणून कापलेले रुपये बघत होते आणि मला वाटायचं हे फक्त दवाखान्याचे.

सोमवारी गेले आणि म्हणलं मी राजीनामा देणार नाही, तुम्ही काढताय तर तुम्ही तसं लेटर द्या. त्यानंतरचे नऊ दिवस मी गेटवर काढले. वॉचमनमामा रोज खुर्ची द्यायचे, एक दिवस चहा पण पाजला, आत मात्र सोडायचे नाहीत, त्यांचा तरी काय दोष. बाकीच्या आठातल्या सात जणांनी तोपर्यंत सही करून टाकलेली, कोणाचा हप्ता होता, कोणाचं घरभाडं, मी कोणाला नावं ठेवत नाही. दहाव्या दिवशी एक लेटर मिळालं, तीन ओळींचं, "ऑर्डर कमी झाल्याने आपली सेवा दि. 27/02/2021 पासून समाप्त करण्यात येत आहे", खाली सही आणि गोल शिक्का. या कागदाला मी नंतर लॅमिनेशन करणार होते, नवऱ्याने थांबवलं, म्हणाला झेरॉक्स कशी काढशील चमकेल ती.

आता ईएसआयसीचं. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 1 जुलै 2018 ला सुरू झाली. ज्यांचा पगार महिना 21 हजारापर्यंत आहे आणि ईएसआय कापलं जातं त्यांच्यासाठी. (2019 च्या जुलैपासून आपल्याकडून पाऊण टक्का आणि कंपनीकडून सव्वातीन टक्के जातात. म्हणजे माझ्या 17,200 वर माझे 129 रुपये.) सुरुवातीला यात सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के मिळायचे आणि नोकरी गेल्यावर 90 दिवस थांबावं लागायचं, कोरोनात म्हणजे 24 मार्च 2020 पासून ते 50 टक्के केलं आणि थांबायचं 30 दिवसांवर आणलं. जास्तीत जास्त 90 दिवसांचे पैसे, आणि ते अख्ख्या आयुष्यात एकदाच. हे "आयुष्यात एकदाच" ऐकून सासूबाई म्हणाल्या, लग्नासारखं.

अटी काय तर नोकरी जायच्या आधी किमान दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत पाहिजे. आणि हजेरीचे दिवस मोजतात. ईएसआयसीचं वर्ष दोन तुकड्यांत असतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या तुकड्यात 78 दिवस भरलेले पाहिजेत आणि त्याआधीच्या तीन तुकड्यांपैकी कुठल्याही एकात 78. मला भीती होती की 2020 च्या एप्रिल-मे मध्ये कंपनीच बंद होती तर माझे दिवस भरणार कसे, पण जून ते सप्टेंबर एकही खाडा नव्हता त्यामुळे निभावलं. आणि कोणाला मिळत नाही, तर ज्याने स्वतःहून सोडली, ज्याला शिस्तभंगाची कारवाई करून काढलं, जो रिटायर झाला, जो बेकायदा संपात होता. त्या यादीतलं पहिलंच बघा. कागद घरी नेऊ न देता सही करून घ्यायची घाई कशासाठी होती ते तेव्हा डोक्यात शिरलं. तसं हा भत्ता कंपनीच्या खिशातून जातच नाही, तो ईएसआयसी देते. कंपनीला वाचवायची होती ती नोटीस आणि भरपाई, पण त्या एका सहीत आमचा भत्ताही आपोआप बुडतो, आणि याची कोणाला पर्वा असेल असं मला वाटत नाही, माहिती तरी असेल का देव जाणे.

मार्चअखेरीला 30 दिवस झाले. ऑनलाइन भरायचं होतं पण मला वाटलं सरकारी काम म्हणजे एजंट लागणार. एका झेरॉक्सवाल्याच्या बाजूला टेबल टाकून बसलेला एकजण म्हणाला ताई ॲफिडेव्हिट लागतं, शंभराचा स्टॅम्प, नोटरी, टायपिंग, माझे कष्ट, सगळे मिळून 450. बेकार बाईने 450 दिले. त्याने "मी शपथेवर लिहून देते की" असं भारदस्त टाइप करून दिलं, लाल सील, वर तिकीट. ते घेऊन नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून शाखा कार्यालयात गेले. काउंटरवरचे साहेब ते बघून हसले, पण वाईट नाही हसले, म्हणाले ताई हे नोव्हेंबरपासूनच बंद झालंय, आता ऑनलाइन क्लेम भरताना आधार आणि बँकेचे कागद अपलोड केले की प्रत्यक्ष काही द्यायला लागत नाही, कोणी करायला लावलं? तो कागद अजून माझ्याकडे आहे. मुलगा त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गाड्या काढतो.

त्याच साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. कंपनी दर महिन्याला ईएसआयचे पैसे भरताना प्रत्येक कामगाराच्या नावापुढे हजेरीचे दिवस, पगार आणि ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्यापुढे कारणाचा एक नंबर टाकते. 1 म्हणजे रजेवर, 2 म्हणजे नोकरी सोडली, 3 रिटायर, असं करत 10 नंबर म्हणजे कामगार कपात. माझ्या नावापुढे 2 होता. लेफ्ट सर्व्हिस. मी राजीनामा दिला नाही, नऊ दिवस गेटवर बसले, लेटर आणलं, आणि कोणीतरी एसीत बसून ड्रॉपडाउनमधून दुसरा नंबर निवडला की झालं, मी सोडली. मुद्दाम केलं असेल असंही नाही, सगळ्यांना तेच टाकत असतील, बोटाला सवय लागलेली असते.

इथे ते तीन ओळींचं लेटर कामाला आलं. साहेब म्हणाले याची झेरॉक्स आणि एक साधा अर्ज लिहून द्या की मला कपातीत काढलंय, आम्ही कंपनीकडून खात्री करून घेतो. तिथेच भिंतीला कागद टेकवून अर्ज लिहिला. कंपनीला विचारणा गेली, कंपनी स्वतःच्याच लेटरला नाही कशी म्हणणार. सात जणांपैकी दोघींनी पण क्लेम टाकून बघितला होता, त्यांचं तिथेच अडकलं, कारण विचारल्यावर कंपनीने त्यांचे राजीनामे काढून दाखवले. तेच तिरकं झेरॉक्स.

पैशाचं गणित सांगते कारण यात माझा पोपट झाला. मी धरून बसलेले की 17,200 चे निम्मे म्हणजे 8,600 गुणिले तीन, 25,800 येणार. तसं नसतं. आधीच्या चार तुकड्यांची म्हणजे दोन वर्षांची एकूण कमाई घेतात आणि 730 ने भागतात. दोन वर्षांत दोन महिने लॉकडाऊनचे शून्य. ढोबळ धरा, 22 महिने गुणिले 17,200 म्हणजे 3,78,400. भागिले 730 म्हणजे रोजचे 518 रुपये काहीतरी. त्याचे निम्मे 259. तीस दिवसांचे साधारण 7,775. आणि पुढचे दिवस आधीच मागता येत नाहीत, महिना बेकार काढायचा मग त्या महिन्याचा क्लेम टाकायचा, परत महिना काढायचा. असे तीन. मिळून 23 हजार 300 च्या आसपास. पहिले पैसे आले तेव्हा मे महिना, दुसरी लाट, सगळं बंद, आणि मोबाइलवर टिंग वाजलं. मी नवऱ्याला न सांगता आधी गॅस बुक केला.

आणखी एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. नोकरी गेली तरी ईएसआयचा दवाखाना लगेच बंद होत नाही. ऑक्टोबर ते मार्चमध्ये जे भरलं त्याचा फायदा पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो, एप्रिल ते सप्टेंबरचा त्यापुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. म्हणजे माझं कार्ड दिवस भरलेले असल्याने 2021 च्या डिसेंबरपर्यंत चालू होतं. आणि मी एप्रिलमध्ये पोराला ताप आला तेव्हा खाजगीत 1,800 रुपये घालवून आले, टेस्ट, औषधं, कारण मला वाटलं नोकरी गेली म्हणजे कार्ड गेलं. पर्समध्येच होतं कार्ड. असो.

गावाकडून आण्णांचा फोन. ते म्हणाले तहसीलला अर्ज टाक, रोजगार हमीत काम नाही दिलं तर भत्ता द्यावा लागतो. बरोबरच आहे त्यांचं, आपल्या महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा 1977 चा, आणि पुढे केंद्राच्या कायद्यातही पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता आहे. पण ते सगळं गावात राहणाऱ्यांना, माती उपसायची तयारी असलेल्यांना. मी म्हणलं आण्णा मी भोसरीत राहते. ते म्हणाले मग गावाला ये की. यावर उत्तर नव्हतं.

आता पीएफ. इथे कंपनीचा दोष निम्मा, निम्मा आपल्या समाजाचा म्हणायला हरकत नाही. मी कामाला लागले तेव्हा लग्न नुकतंच झालेलं, कागदपत्रं सगळी माहेरच्या नावाची. दाखल्यावर माहेरचं आडनाव, मधे वडिलांचं नाव. कंपनीत तेच लागलं. नंतर आधार सासरच्या नावाने केलं, पॅन त्यावरून. बँकेत आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. एका बाईची चार नावं, आणि कॉम्प्युटरला चार बायका दिसतात. नाव जुळत नाही म्हणून केवायसी होईना, आणि दुरुस्ती करायची तर जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे माझी सही आणि कंपनीची सही. ज्यांच्याशी भांडत होते त्यांच्याकडेच परत गेटवर! वॉचमनमामा म्हणाले आलात का, खुर्ची तिथेच आहे. यावेळी मात्र एचआर मॅडमनी दोन दिवसांत सही शिक्का करून दिला, लग्नाचं प्रमाणपत्र जोडायला लागलं. त्यांचं पण त्या महिन्यात तिथलं शेवटचं चालू होतं असं नंतर कळलं. त्यांना कुठला कागद दिला असेल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

बायांनो, नोकरी चालू असताना, भांडण नसताना, सगळं गोडीत असताना पीएफची साइट उघडून नाव, जन्मतारीख, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मोबाइल बघून ठेवा. भांडण झाल्यावर यातलं एकेक अक्षर महाग पडतं.

कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नव्हती. ती टाकल्याशिवाय पूर्ण पैसे निघत नाहीत. पण 2020 पासून आपली आपण टाकता येते, शेवटचा हप्ता भरल्यानंतर दोन महिने गेले की. साइटवर मॅनेजमध्ये मार्क एक्झिट म्हणून असतं. शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा त्याच महिन्यातली तारीख टाका, आणि नीट बघून, ती नंतर आपल्याला बदलता येत नाही.

यात ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. माझ्या आधारला नवऱ्याचा नंबर. नवरा चाकणला, फर्स्ट शिफ्ट, त्यांच्याकडे फोन गेटवर लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं. मी इकडे बटण दाबायचे, ओटीपी तिकडे लॉकरमध्ये अंधारात येऊन मरायचा. तीन दिवस हा खेळ झाला, शेवटी त्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी चहाच्या आधी दोघं बसलो आणि सात मिनिटांत काम झालं. त्यानंतर चेकचा फोटो अंधुक आला म्हणून क्लेम एकदा परत आला, ती माझीच चूक, ट्यूबलाइटखाली काढलेला. तेव्हा चेकवर नाव छापलेलं लागायचं, नाहीतर पासबुकचं पहिलं पान.

तेव्हा नियम असा होता की महिनाभर बेकार असलात तर 75 टक्के काढता येतात आणि दोन महिन्यांनंतर सगळे. 2025 च्या ऑक्टोबरात पीएफच्या विश्वस्त मंडळाने हे बदलायचं ठरवलं, 75 टक्के लगेच आणि उरलेल्या 25 साठी बारा महिने, आणि पेन्शनचे पैसे काढायला 36 महिने, त्यामुळे तुम्ही क्लेम करताना साइटवर त्या दिवशी काय लिहिलंय तेच बघा, माझ्या जुन्या अनुभवावर विसंबू नका.

दोन फॉर्म असतात. 19 नंबर म्हणजे पीएफचे पैसे, 10सी म्हणजे पेन्शनचे. मी 19 भरला आणि 10सी ला हात लावला नाही. झेरॉक्सवाल्या भावाने तेव्हा पण सांगितलं दोन्ही भरून टाका ताई, सगळं काढून मोकळे व्हा. माझ्या बेसिकवरून कंपनीच्या 12 टक्क्यातले 8.33 टक्के, म्हणजे माझे महिन्याला 975 रुपये पेन्शन खात्यात जात होते. दहा वर्षं झाली की म्हातारपणी पेन्शन लागते. पाच वर्षं सात महिने झालेत, ते काढून घेतले असते तर परत एकपासून मोजायचं. घरात अगदीच दाणा नसेल तर काढा, माझं काही म्हणणं नाही, पण नुसतं मोकळं व्हायला काढू नका. आणि पाच वर्षांच्या आत पीएफ काढला आणि रक्कम 50 हजार किंवा वर असेल तर टीडीएस कापतात, माझी पाच वर्षं झालेली म्हणून तो प्रश्न आला नाही.

शेवटचं भांडण ग्रॅच्युइटीचं. पाच वर्षं पूर्ण झालेली, 1972 च्या कायद्याने हक्काची. कंपनीचं म्हणणं ती तुमच्या पॅकेजमध्येच धरलेली होती. धरलेली होती तर दिली कधी? हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक आणि डीए म्हणजे महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. माझं 11,700 होतं. 15 ने गुणून 26 ने भागलं की 6,750. वर्षं पाच आणि सात महिने, सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात म्हणून सहा. 40,500. काकांनी ग्रॅच्युइटी मागायचा अर्ज, फॉर्म आय, हाताने लिहून घेतला माझ्याकडून, अक्षर नीट काढ म्हणाले, आणि रजिस्टर ए.डी. ने पाठवायला लावला. ती पोचपावती परत आली, त्यावर कंपनीचा शिक्का, काका म्हणाले आता तीस दिवस मोज. तीस झाले, पंचेचाळीस झाले. मग दुसरं पत्र, एकच ओळ, कामगार आयुक्तालयात अर्ज करत आहे. अर्ज करायची वेळ आली नाही. नोटीस पगार, भरपाई आणि ग्रॅच्युइटी जुलैमध्ये एकदमच आले. तोपर्यंत मला मोशीत दुसरीकडे काम लागलेलं, आजही तिथेच आहे.

(नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात काढलं काय आणि राजीनामा दिला काय, थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं आहे. म्हणजे "सही दिली तर हिशोब आठवड्यात" हे आमिषच राहिलं नाही, पगार तसाही द्यायचाच आहे. आणि अटल योजना सुरुवातीला काही काळापुरतीच होती, मुदत वाढवत वाढवत पुढे नेलीय, त्यामुळे तुमच्या वेळी मुदत कधीपर्यंत आहे ते शाखेत आधी विचारा.)

काका मागच्या वर्षी गेले. त्यांच्या तेराव्याला मी बुंदी वाढत होते तर सही केलेल्या सातातली एक तिथे आलेली, ती त्यांच्या लांबच्या नात्यातली निघाली. म्हणाली, ते आमच्याकडे दिवाळीला यायचे गं, मी कधी विचारलंच नाही त्यांना.

आज दुपारी मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तोच कागद, तिरका, काळ्या पट्टीसकट. फक्त टिंबांच्या जागी तिचं नाव पेन्सिलने आधीच भरलेलं. खाली लिहिलंय, घरी आणलाय, डब्यातच, आता पुढे काय करू?

मी म्हणलं आधी खोडरबर घे, मग जेव, मी नवऱ्याला घेऊन आठला येते.